तुझ्या बाईंचा सोफा

मंगळवार, ४ मार्च

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुला मिळणार नाही, म्हणजे यात खोटं बोलायचं काही कारण नाही. तरी थोडंफार बोलेन. सवय एका दिवसात जात नाही.

लिहायला तुझ्या बाईंनीच सांगितलं. हो, तुझ्याच. म्हणाल्या, जिच्याशी बोलायचंय तिला पत्र लिहा, पण टाकू नका, नुसतं लिहा. हे त्या सगळ्यांना सांगतात की मलाच, देव जाणे. तुलाही सांगितलं असेल तर तुझ्या कपाटात माझ्या नावाचा गठ्ठा असणार. तो किती जाड आहे ते कळायला हवं होतं.

थांब, पहिल्यापासून सांगते. मावशीच्या पोटात काही राहत नाही हे माहीत असून तू तिला सांगितलंस, तेव्हा सगळा दोष माझा नाही. ती दुकानात खुर्चीचं कापड निवडायला आली होती. नमुने उलटत उलटत म्हणाली, धाकटी आता दर गुरुवारी एका समुपदेशक बाईंकडे जाते, आठ महिने झाले, चांगली खुलली आहे. मी विचारलं, कुठे. तिनं पत्ता सांगितला, मजलासुद्धा सांगितला. मग म्हणाली, "तू मात्र तिला विचारू नकोस हो, मनाला लावून घेईल." मी विचारलं नाही. मी वेळ घेतली.

का घेतली, याचं उत्तर सोपं आहे. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मी वीस. त्या दिवसापासून तू शाळेतून थेट दुकानात यायचीस, कापड बेतायच्या टेबलावर चढून बसायचीस आणि दिवसभराचं सगळं सांगायचीस. बाकावर कोण बसलं, कोण रुसलं, कुणी कुणाचं पेन घेतलं. मी खिळे दातात धरून ऐकायचे. कॉलेजचं ऐकलं, नोकरीचं ऐकलं. चोवीस वर्षं ऐकलं, आणि आता तू एका परक्या बाईकडे घड्याळ लावून बोलायला जातेस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हटलं, बघून तर येऊ, माझ्याकडे नाही असं तिच्याकडे काय आहे.

तर ऐक. मला वाटत होतं, पलंगावर आडवं करून प्रश्न विचारतात. तसं काही नाही. दाताच्या डॉक्टरांच्या शेजारचं दार, बाहेर चार खुर्च्या, चारींची तोंडं चार दिशांना, म्हणजे कुणी कुणाकडे बघायला नको. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला. नाव, वय, झोप कशी, भूक कशी, औषधं चालू आहेत का, याआधी कुणाकडे गेला होतात का. मी आडनावाशी अडले. आपलं लिहिलं असतं तर तिथेच पकडली गेले असते. मग नवऱ्याचं लिहिलं. तो गृहस्थ चार वर्षांत निघून गेला आणि आडनाव तेवढं कागदोपत्री विसरून गेला. त्याची कुठलीही वस्तू आजवर इतकी उपयोगी पडली नव्हती. व्यवसायापुढे लिहिलं, शिवणकाम. अर्धं खरं. कशासाठी आलात, त्यापुढे लिहिलं, झोप येत नाही. हे थापेसाठी लिहिलं होतं, पण लिहून झाल्यावर लक्षात आलं की ते खरंच आहे.

बाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. साधी, चष्मा, पायात सपाता. देखणी असती तर परवडलं असतं. त्यांनी आधी नियम सांगितले. पन्नास मिनिटं. इथे बोललेलं इथेच राहणार. तुम्ही येता एवढंसुद्धा कुणाला कळणार नाही. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मला बोलावं लागेल, आणि तेही शक्यतो तुम्हाला सांगून. पहिले दोन-तीन वेळा आपण नुसती ओळख करून घेऊ, जमत नाहीसं वाटलं तर तसं सांगा, मी दुसरं नाव सुचवेन, मला राग येणार नाही. आणि सुरुवातीला घरी गेल्यावर कधीकधी आधीपेक्षा जास्त वाईट वाटतं, त्याला घाबरू नका. हे सगळं त्यांनी मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा ते सांगावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं.

मी लगेच खडा टाकून बघितला. म्हटलं, तुमच्याकडे बहिणी-बहिणींची भांडणं पण येत असतील ना. त्या म्हणाल्या, "सगळ्या प्रकारची माणसं येतात. तुम्हाला कुठून सुरुवात करायचीय?" झालं. अळीमिळी गुपचिळी.

एक सांगते आणि थांबते. त्यांचा सोफा तिघांच्या बैठकीचा आहे. डाव्या कोपऱ्यात बैठक खचली आहे, आणि ती सरळ खचलेली नाही, पाठीकडे तिरकी खचली आहे. एक पाय दुमडून त्यावर बसणाऱ्या माणसानं खचते तशी. तसं बसणारी जगात तू एकटीच नाहीस, हे मला कळतं. मी तरी त्याच कोपऱ्यात बसले. खालची स्प्रिंग पट्ट्यातून सुटली आहे, टोचते. बोलणार होते, जीभ चावली. शिवणकाम करणाऱ्या बाईला स्प्रिंगमधलं काय कळणार.

तुझं लग्न ठरलं होतं त्या मास्तरांचं मी काही काढलं नाही. त्यात काढण्यासारखं काय आहे? एक वाक्य बोलले होते मी, तेही तुझ्या काळजीपोटी.

ताई


मंगळवार, ११ मार्च

प्रिय भिंगरी,

आज दुसऱ्यांदा गेले. मनाशी ठरवलं होतं, आज काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. बाईंनीही ठरवलं असावं. दोघी गप्प. एरवी दुकानात गिऱ्हाईक गप्प बसलं की मी कापडाचे भाव सांगायला लागते. इथे सांगायला भाव नव्हते. शेवटी मीच हरले आणि म्हटलं, एक धाकटी मैत्रीण आहे, चौदा महिने बोलत नाही. मैत्रीण म्हटलं, बहीण नाही. म्हणजे बघ, मी सावध होते.

बाईंनी विचारलं, ती मैत्रीण नव्हती तेव्हा तुम्ही कशा होता. मला प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि मी बोलायला लागले. वीस वर्षांची होते तेव्हा मला नकाशे काढायचं शिकायचं होतं, तसा प्रवेशही मिळाला होता, हे तुला ठाऊक नाही. तुला सांगायची वेळच आली नाही, कारण सांगायचं काम तुझं होतं आणि ऐकायचं माझं. आईच्या दहा दिवसांतच बाबांनी माझ्या हातात कात्री दिली. मी हे सगळं त्या बाईंना घडाघडा सांगितलं आणि रुमाल शोधायला लागले. त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. नुसता सरकवला. तुझ्यापुढे पण असाच सरकवतात का? की तुझ्यासाठी उठून देतात?

एकदा मी काहीतरी बोलले त्यावर त्या हसल्या, मनापासून. घरी येताना रस्ताभर मी तेच घोळवत होते. तुझ्या बोलण्यावर किती वेळा हसतात? तू माझ्याहून जास्त विनोदी आहेस, हे मी पहिल्यांदाच कबूल करतेय, आणि करताना माझ्या पोटात दुखतंय.

बाकी विशेष काही नाही. बोलता बोलता सवयीनं हात सोफ्याच्या खाचेत गेला. बैठक आणि हात यांच्या मधली ती खाच दिसली की माझी बोटं आपोआप आत जातात, पंचवीस वर्षांची खोड. एक केसांची पिन निघाली. तिथेच ठेवून दिली. आणखी काही नव्हतं.

ताई


शुक्रवार, १४ मार्च

भिंगरी,

होतं.

चार घड्या घातलेला कागद होता. घडी बघूनच मला कळलं. तू कागदाची आधी उभी घडी घालतेस, मग आडवी, आणि कोपरा नखानं दाबतेस. मी तो मुठीत घेतला आणि उरलेली वीस मिनिटं मूठ उघडली नाही. बाईंना वाटलं असेल, किती ताण आहे या बाईला.

बाबांचा नियम तुला माहीत आहे. दुरुस्तीला आलेल्या सोफ्यात जे सापडेल ते पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवायचं आणि माल पोचवताना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. कानातलं असो, चिठ्ठी असो, फोटो असो. उलगडायचं नाही, वाचायचं नाही, विचारायचं नाही. म्हणायचे, माणूस बसल्यावर त्याच्या खिशातून पडतं ते त्याचं पोटच समज. मी तो नियम पंचवीस वर्षं पाळला. एकदा त्या वकिलांच्या आरामखुर्चीत पत्रांचं पुडकंच सापडलं होतं, गुलाबी फितीत बांधलेलं, आणि वकिलीणबाई माझ्या ओळखीच्या. तेव्हासुद्धा पाळला.

तर कागद आणून कात्र्यांच्या खणात ठेवला. पाकिटात घातला, चिकटवला. आज शुक्रवार. तीन दिवस तो तिथेच आहे आणि मी वाचलेला नाही.

(थोड्या वेळानं.)

तुला मिळणार नाही अशा पत्रात खोटं बोलून मी काय मिळवते आहे? मंगळवारीच वाचला. जिन्यात. दाताच्या डॉक्टरांच्या दाराशी उभी राहून. पाकीट वगैरे नंतर.

तुझ्या अक्षरात पाच ओळी होत्या, बाईंना काय सांगायचं त्याची यादी.

झोप, सलग सहा तास, चार दिवस.
ऑफिसात 'नाही जमणार' म्हणाले. दोनदा.
पोहायला पुन्हा जावं का?
आईचा आवाज आठवत नाही.
नव्या घराचे पडदे, कुणाला विचारू?

संपलं. मी उलटूनही पाहिला. पाठ कोरी.

मी तयारीनं गेले होते, भिंगरे. मला वाटलं होतं तू त्या खोलीत आठ महिने माझंच दळण दळत असशील. ताईनं हे केलं, ताईनं ते केलं. त्यातल्या एकेका आरोपाला मी उत्तर तयार ठेवलं होतं. आणि तुझ्या यादीत मी नाहीच. झोपेला जागा आहे, पोहण्याला जागा आहे, पडद्यांनाही आहे. ज्या बाईच्या दुकानात साठ प्रकारचं पडद्याचं कापड टांगलेलं आहे तिच्या सख्ख्या बहिणीला प्रश्न पडलाय, कुणाला विचारू. तू घर बदललंस हेही मला जिन्यात कळतंय.

आणि आईचा आवाज. तो मला आठवतो. अगदी कालचा असावा तसा. पण सांगणार नाही. जा, तुझ्या बाईंना विचार.

माझा असा जळफळाट कधी झाला नव्हता. तू माझा राग राग करतेस, त्याची सवय झाली होती. त्यात निदान मी होते.

ताई


बुधवार, १९ मार्च

प्रिय भिंगरी,

काल गेले होते. कागदाचं काही बोलले नाही. त्याऐवजी तुझ्याविषयी कुरकुर केली, म्हणजे मैत्रिणीविषयी. म्हटलं, ती आता तिसऱ्याच कुणाला सगळं सांगते, जिनं तिच्यासाठी कधी काही केलेलं नाही. आयत्या बिळावर नागोबा. बाईंनी वही खाली ठेवली आणि विचारलं, "ती तुमच्याशी बोलत नाही याचा त्रास जास्त होतो, की दुसऱ्या कुणाशी बोलते याचा?"

मी म्हटलं, दोन्ही एकच. त्या म्हणाल्या, असेलही. मी घड्याळाकडे बघितलं, अकरा मिनिटं उरली होती, आणि उठून निघाले. फुकट घालवली अकरा मिनिटं. जिन्यात आले तेव्हा वाटलं, परत जावं आणि ती मागून घ्यावीत. मला त्या खोलीत बसायचं होतं, भिंगरे. तुझ्यावर नजर ठेवायला नाही, माझ्यासाठी. हे कधी झालं ते मला कळलं नाही. आता बघ गंमत, मला तुझ्या बाईंचा हेवा होता, तो आहेच, आणि वरून तुझा हेवा वाटायला लागला, की तुला ही बाई आठ महिने आधी सापडली.

हे लिहीत होते तेवढ्यात फोन वाजला. तुझा निरोप. चौदा महिन्यांत पहिला.

"ताई, पुढच्या महिन्यात एकदा माझ्याबरोबर येशील का? मी जिथे जाते तिथे. दोघींना एकत्र बसता येईल असं बाई म्हणाल्या. नाही म्हणालीस तरी चालेल."

मी तो अकरा वेळा वाचला. मग दुकानाचं दार लावलं, दिवसाढवळ्या, आणि टेबलावर चढून बसले. तुझ्या जागेवर. यादीत मी नव्हते, कारण माझ्यासाठी तू वेगळी वेळ मागितली होतीस. आणि त्याच दारातून मी आधीच आत शिरून बसले आहे, दुसऱ्याच्या आडनावानं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आता खरं सांगते, पहिल्या तासाभरात माझ्या मनात काय आलं. मनात आलं, 'येते' म्हणून कळवून टाकावं. त्या दिवशी आत जायचं, बाईंकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखं करायचं, हात जोडायचे. त्या काय करणार? कोण येतं, कोण येत नाही, हे त्या कुणालाही सांगू शकत नाहीत. नियमानं त्यांचं तोंड बांधलेलं आहे. त्या मूग गिळून बसतील, तू माझ्याशेजारी बसशील, आणि तुला जन्मात कळणार नाही. किती सोपं होतं. ज्या नियमाचा मला एवढा राग येत होता, तोच माझ्या कामाला आला असता.

निरोपाला अजून उत्तर दिलेलं नाही. तू वाट बघत असशील. देते, देते.

ताई


मंगळवार, २५ मार्च

प्रिय भिंगरी,

आज पाकीट घेऊन गेले. बसायच्या आधीच सांगितलं, उजव्या कोपऱ्यात उभी राहून. माझं खरं आडनाव हे. शिवणकाम नाही, सोफ्यांचं दुकान आहे. मैत्रीण नाही, बहीण आहे, आणि ती तुमच्याकडे येते असं मला मावशीकडून कळलं होतं, म्हणून आले. हे तुमच्या सोफ्यात सापडलं. मी वाचलंय.

बाईंच्या तोंडावरून काही कळेल तर शपथ. त्यांना आधीच संशय आला होता की नाही, हे मी मरेपर्यंत शोधत बसणार. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कोण येतं आणि कोण नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. आजही नाही. पण तुम्ही म्हणता ते खरं धरलं, तर तुमच्यासोबत पुढे काम करणं मला योग्य वाटत नाही." आवाज चढला नव्हता, पण मऊही नव्हता. पाकीट त्यांनी घेतलं. बरीच जाड चिकटपट्टी लावली होती मी. त्यांनी ते उजेडात धरलं नाही, चाचपलं नाही, खणात ठेवलं आणि किल्ली फिरवली. मी त्या बोटांकडे बघत होते. जराही वळवळली नाहीत. माझी पंचवीस वर्षांची सवय एका जिन्यात मोडली आणि या बाई रोज हेच करतात.

मी विचारलं, तिला तुम्ही सांगाल का. त्या म्हणाल्या, "इथे बोललेलं मी बाहेर नेत नाही, तुमचंसुद्धा. ते कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तुमच्याकडेच राहणार."

म्हणजे बघ, शेवटी माझंही गुपित त्यांनी ठेवून घेतलं. मला रागवायचं होतं, त्याला जागाच ठेवली नाही.

त्यांनी दुसऱ्या एका समुपदेशकांचं नाव लिहून दिलं. हे गृहस्थ आहेत, वयानं मोठे. तिथे पुन्हा फॉर्म, पुन्हा झोप कशी, भूक कशी, पुन्हा पहिल्यापासून आई, बाबा, कात्री. मी म्हटलं, मला तुमच्याकडेच यायचंय. हे मी चाळीस वर्षांच्या बाईपुढे, शेहेचाळीसाव्या वर्षी, पहिलीतल्या पोरीसारखं म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो, ते कळतंय मला." आणि दार उघडलं. वेळ संपायला पंचवीस मिनिटं होती.

रस्त्यात माझ्या डोक्यात एकच चालू होतं. तिनं तुला ठेवलं आणि मला पाठवलं. तुला ठेवलं, मला पाठवलं. न्यायानं बघितलं तर तू आधी आली होतीस. पण न्याय काय करायचाय.

ताई


शनिवार, २९ मार्च

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी टाकणार आहे. याआधीची पाच टाकणार नाही. त्यात मी बरीच हुशारी केली आहे.

तुझ्या निरोपाला दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण 'येते' म्हणायच्या आधी तुला हे कळायला हवं. तू ज्या बाईंकडे जातेस त्यांच्याकडे मी या महिन्यात चार वेळा जाऊन आले. मावशीकडून पत्ता काढला, आडनाव बदललं, धंदा लपवला. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. मंगळवारी मीच सांगितलं, आणि त्याच दिवशी त्यांनी माझं येणं बंद केलं. तुझ्याविषयी त्यांनी मला एक अक्षर सांगितलेलं नाही. तू तिथे जातेस हेसुद्धा त्यांनी कबूल केलं नाही. मी चार वेळा चार तऱ्हेनं विचारून बघितलं, तेव्हा हे मी खात्रीनं सांगू शकते. त्यांच्यावरचा विश्वास कमी करू नकोस. चूक फक्त माझी आहे. ती खोली तुझी आहे, मी पुन्हा तिथे पाय ठेवणार नाही, तू बोलावलंस तर गोष्ट वेगळी.

दुसरं. त्यांच्या सोफ्याच्या खाचेत तुझी यादी सापडली. मी वाचली. बाबा असते तर त्यांनी मला दुकानातून काढलं असतं. कागद आता बाईंच्या खणात आहे. तुला हवा असेल तर त्यांच्याकडून घे. वाचलंच आहे, तर वाचल्याचा उपयोग तरी होऊ दे. आईचा आवाज जाड होता, बाईमाणसाच्या मानानं बराच जाड. फोनवर लोक तिला बाबाच समजायचे. तुला हाक मारताना ती शेवटचं अक्षर लांबवायची आणि तू आली नाहीस की तेच अक्षर तोडून टाकायची. गाताना बेसूर, पण शिट्टी सुरेल वाजवायची. तुझ्या लहानपणी ती भाजी चिरत असताना तू तिच्या पायाशी बसायचीस तेव्हा ती शिट्टीच वाजवत असायची. तुला आवाज आठवत नसेल, कदाचित शिट्टी आठवेल. पडद्यांचं नंतर.

आता मास्तरांचं.

तू एकोणिसाव्या वर्षी तीन आठवडे दवाखान्यात होतीस, अंथरुणातून उठवत नव्हतं, हे तू त्यांना तुझ्या सोयीनं, तुझ्या शब्दांत सांगणार होतीस. त्याआधी मी त्यांच्या शाळेत जाऊन सांगितलं. ते तुला सोडून गेले नाहीत. पण रोज सकाळी झोप लागली का, गोळी घेतलीस का विचारायला लागले, तुझ्याशी काचेच्या भांड्यासारखं वागायला लागले, आणि तूच ते ठरलेलं लग्न मोडलंस. मी तेव्हा म्हणाले होते, लपवून लग्न करू नये. नंतर म्हणाले, पुढे कळलं असतं तर तुलाच त्रास झाला असता. मावशीला म्हणाले, मी तिला आईच्या जागी आहे, मला अधिकार आहे. ही तिन्ही कारणं मी इतक्या वेळा सांगितली की माझी मलाच पटली.

खरं कारण सांगते. मी शाळेत गेले त्याच्या आधीच्या शनिवारी तुला बढती मिळाल्याचं कळलं. तू दुकानात आलीस, टेबलावर चढलीस आणि म्हणालीस, ताई, ओळख काय झालं असेल. मला इतका आनंद झाला की कात्री खाली पडली. मग तू पाय हलवत म्हणालीस, "ह्यांना कालच सांगितलं, ते तर नाचलेच." तू हसत होतीस. मीही हसले. म्हणाले, छान झालं.

चोवीस वर्षांत पहिल्यांदा तुझी बातमी माझ्याकडे शिळी होऊन आली होती. सोमवारी सकाळी मी त्यांच्या शाळेत गेले. तुझी काळजी म्हणून नाही. तुझी एक तरी गोष्ट त्यांना तुझ्या तोंडून नाही, माझ्या तोंडून कळावी म्हणून. जी तू त्यांना सांगितली नव्हतीस आणि मला सांगितली होतीस, अशी तेवढी एकच उरली होती.

हे ऐकून तुला माझ्याशेजारी बसायचं नसेल तर नको बसूस. तो निरोप परत घे, मी काही म्हणणार नाही.

हे मी बाईंना सांगितलेलं नाही. मावशीलाही नाही, आणि ज्यांच्याकडे परवापासून जाणार आहे त्या गृहस्थांनाही नाही. आधी तुला सांगितलं.

ताई